डोळ्यातलं खळं

थोरला पडला तेव्हा आरसा अजून ओला होता.

आरसे बनवणाऱ्या त्या घरात तो एकच आरसा विकायचा नव्हता. पणजोबांनी स्वतःच्या हातानं चांदी चढवलेला, माणसाहून उंच, कारखान्याच्या उत्तरेकडच्या खिडकीसमोर भिंतीला टेकवून ठेवलेला. घरातलं मूल पंचविशीला आलं की सकाळच्या उजेडात त्याला त्या आरशासमोर बसवायचं आणि आत्यानं त्याचे डोळे बघायचे. बुबुळाच्या काठाला दुधी, फिकट कडं दिसलं, चंद्राभोवती दिसतं तसं, की घर म्हणायचं, खळं पडलं! मग कारखाना त्याचा. ज्याच्या डोळ्यात खळं नाही त्याला जेवायला ताट होतं, झोपायला खोली होती, पण काचेवर शेवटचा हात फिरवायचा मान नव्हता.

आज भिंगरीचा दिवस होता. थोरल्याची एकुलती लेक, पाय घरात न ठरणारी, म्हणून भिंगरी. आरशासमोर बसणारी ती पहिलीच मुलगी. "काच मला कळते, कडा मी घासते, चांदी मी ओतते, मग डोळे तेवढे काकाच्या पोराचे बघणार? त्याला तर पोरच नाही!" असं म्हणून तिनं वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी आत्या नमली. धाकटा सुट्टी टाकून आला. नवे कपडे निघाले.

थोरला उजाडल्यापासून आरसा धूत होता. शेवटचं पाणी ओतलं, फडकं पिळलं, वळून म्हणाला, "ये गं, बस." आणि हात छातीवर नेऊन आरशाला टेकला. आतला थोरला आणि बाहेरचा थोरला कपाळाला कपाळ लावून क्षणभर उभे राहिले. मग दोघंही खाली घसरत गेले.

"उभ्यानं..." आत्याच्या तोंडून निघालं.

किंचाळीच ती. पण भिंगरीच्या आईला, फरशीवर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेता घेता, त्या किंचाळीत काहीतरी वेगळं ऐकू आलं. जसं काही आत्याबाईंनी दारात आलेल्या पाहुण्याला ओळखलं होतं.

*

हृदयविभागाच्या बाहेर निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या. एक हलली की सगळ्या हलत. धाकटा पाय हलवत बसला होता आणि त्याच्याबरोबर सगळं घर थरथरत होतं.

"पाय थांबव," आत्या म्हणाली.

"थांबत नाही."

"तुझ्या बापाचाही असाच हलायचा." आत्या सत्तरीच्या पुढची, लग्न न केलेली, भावाची दोन्ही पोरं तिनंच वाढवलेली. समोरच्या बंद दाराकडे बघत ती आपल्याशीच बोलावं तशी बोलू लागली. "आपल्यात कुणी अंथरुणाला खिळत नाही. आजोबा कडा घासता घासता गेले. तुझा बाप जिन्यात गेला, हातातला चहा सांडलासुद्धा नाही."

"गेल्या वेळी कप फुटला म्हणालीस."

"फुटला असेल. सांडला नाही."

"आत्याबाई," भिंगरीची आई म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की सगळे दचकले. "ते आत आहेत. जिवंत आहेत. गेल्यासारखं बोलू नका."

"मी कुठं तसं..."

"बोलताय. सकाळपासून बोलताय."

भिंगरीनं आईचा हात धरला. तो थंड होता, ओल्या काचेसारखा.

आईच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खडा. घराचा जिना चढताना मधल्या पायरीवर थोरला थांबायचा आणि म्हणायचा, "चपलेत खडा गेलाय." वाकायचा, चप्पल झटकायचा, श्वास घ्यायचा, मग वर यायचा. बाजारातून येताना खडा. बसथांब्याकडे धावताना खडा. तीही वेडी, "अहो, नवी चप्पल घ्या," म्हणायची. आणलीसुद्धा होती, बंद पायाची, कुठून खडा जाणार नाही अशी. त्यातही खडा गेला, तेव्हा ती हसली होती. हसली होती! एवढे खडे एका माणसाच्या वाट्याला कुठून यायचे?

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपीखालून केस निसटलेले, गालावर मुखपट्टीचा वळ.

"बंद झालेली रक्तवाहिनी उघडली आहे," त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "आत जाळीची नळी बसवली, स्टेंट. शुद्धीवर आहेत. पण बाकीच्या दोन वाहिन्याही बऱ्याच अरुंद आहेत. पन्नाशीही न गाठलेल्या, इतक्या सडपातळ माणसाच्या असायला नकोत इतक्या."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "त्यांच्या डोळ्यात ते पांढुरकं कडं आहे. कधीपासून?"

आणि आत्याचा चेहरा उजळला. त्या भयाण दिवसात, त्या निळ्या खुर्च्यांवर, म्हातारीचा चेहरा खरोखर उजळला. बाहेरच्या माणसानं, तेही डॉक्टरनं, ओळखलं होतं.

"पंचविशीपासून! मीच पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या बापाचं याच्याहून ठळक होतं. आणि आजोबांचं तर काय, रस्त्यावरून दिसायचं."

"वडील कितव्या वर्षी गेले?"

"पंचेचाळीस लागलं होतं."

"आजोबा?"

"चाळिसाव्या वर्षी." आत्या अजून हसतच होती. मग ओठ तसेच राहिले आणि हसू मागच्या मागे निघून गेलं. "सगळ्यात ठळक खळं आजोबांचं..."

वाक्य पुरं झालं नाही. पुरं करायची कुणाला गरजही वाटली नाही.

"आजी, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि स्वतःही शेजारच्या खुर्चीवर बसल्या. सगळ्या खुर्च्या हलल्या. "ते कडं म्हणजे कोलेस्टेरॉल आहे. चरबीसारखा पदार्थ. रक्तात इतकी वर्षं इतका जास्त आहे की डोळ्याच्या काठाला साचलाय. टाचेच्या वरची, पोटरीला जोडणारी शीरही बघितली मी, दोरखंडासारखी जाड झालीय. तिथंही तेच साचलंय."

"ते उभं राहून होतं," आत्या पुटपुटली. "कामानं. आमच्याकडे सगळ्या पुरुषांचे घोटे तसेच."

"हो," डॉक्टरीणबाई मायेनं म्हणाल्या. "सगळ्यांचे तसेच असणार."

*

धाकट्याला हसू फुटलं. आवरता येईना. तोंडावर रुमाल धरून तो खिडकीशी गेला आणि खांदे गदगदताना मागच्यांना वाटलं रडतोय. पुढं खरंच रडायला लागला, तेव्हा कुणाला फरक कळला नाही.

त्याचे डोळे साधे होते. पंचविशीला तो त्या आरशासमोर बसला, आत्यानं हनुवटी धरून डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "असू दे हो." त्या तीन शब्दांवर त्यानं घर सोडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला बस चालवायला लागला. दिवसभर चालकाच्या आरशात आपलेच साधे डोळे बघत. थोरल्याला कारखाना, मला आरसा, तोही बसचा, असं तो दारूच्या टेबलावर सांगायचा आणि लोक हसायचे.

मागे वहिनी विचारत होती, "पण ते तळकट खातच नाहीत हो! तंबाखू नाही, काही नाही. मीच करते ना स्वयंपाक."

"तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही. इतरांच्या बाबतीत खाणं, बसून राहणं, धूम्रपान, साखरेचा आजार, रक्तदाब, हे सगळं भर घालतं. त्यांनाही ते सांभाळावं लागेलच. पण यांचं मूळ जन्मातलं आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घ्यायचं काम यकृत करतं. यांच्या यकृताला त्यासाठीची दारं जन्मतःच कमी. मग ते रक्तात फिरत राहतं आणि हळूहळू वाहिनीच्या भिंतीत मुरतं."

"नळात गाळ बसतो तसं?" धाकट्यानं न वळता विचारलं.

"तसं नाही. नळाच्या आत नव्हे, भिंतीच्या पोटात. वरून अस्तर गुळगुळीत दिसत राहतं. आत सूज, चरबी, वर पातळ पापुद्रा. एक दिवस पापुद्रा फाटतो, तिथं रक्त गोठतं आणि वाट बंद."

भिंगरी म्हणाली, "आरसा पाठीकडून कुजतो."

"काय?"

"काही नाही. चांदीखाली ओल शिरते. पुढून चेहरा लख्ख दिसतो. काठ काळा पडेपर्यंत कळत नाही." ती आपल्या हातांकडे बघत होती. "आमचा तर काठही दिसत होता. आम्ही त्याची दृष्ट काढायचो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू मुलगी ना त्यांची? तुझं रक्त तपासायला हवं. तुमचंही," त्या धाकट्याला म्हणाल्या. "आईबापातल्या एकाकडे असेल तर मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा."

"तिचं आत्ताच घ्या," आई उठलीच.

"थांब!" आत्याचा आवाज चिरका झाला. "तिचे डोळे अजून बघितले नाहीत. आधी मी बघते. खळं नसेल तर सुई कशाला टोचायची पोरीला?"

"आजी, खळं नसलं तरी आजार असू शकतो. तरुणपणी पुष्कळांना दिसत नाही."

"आमच्यात दिसतं!"

"आत्याबाई!" भिंगरीची आई आयुष्यात पहिल्यांदा आत्यासमोर ताठ उभी राहिली. "तुमच्यात काय काय दिसतं ते बघितलं मी. जिना चढताना थांबतात, एकदा दाखवून आणू म्हटलं, तर तुम्ही काय म्हणालात? 'आमच्या माणसांना डॉक्टर लागत नाही, ती झटक्यात जातात.' मला वाटलं, मीच परक्या घरची, मलाच कळत नाही. माझ्या लेकीच्या डोळ्यात आता तुम्ही बघायचं नाही."

आत्यानं धाकट्याकडे पाहिलं. तो नेहमी तिच्या बाजूचा. कितीही रुसला तरी तिच्या मांडीवर वाढलेला.

"वहिनी बरोबर बोलतेय, आत्या," धाकटा म्हणाला. बाही वर सरकवत होता. "घ्या, माझंही घ्या. बघू तरी, घरातून मला काय मिळालं आणि काय नाही."

भिंगरी मात्र हलली नाही. "आई, मला ते हवं होतं गं," ती म्हणाली. "सकाळी बाबा आरसा धूत होते ना, तेव्हा मी मनातल्या मनात सारखी मागत होते. असू दे, असू दे, माझ्या डोळ्यात असू दे."

आईनं तिचं डोकं पोटाशी ओढून घेतलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. वाटेत उभ्या होत्या, ढकलगाडी घेऊन आलेल्या परिचारिकेनं गाडी वळवून नेली.

*

सगळे रक्त द्यायला गेले तेव्हा आत्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली.

"माझे डोळे बघता का?"

एक गोष्ट आत्यानं कुणाला सांगितली नव्हती. सत्तरी उलटल्यावर एका सकाळी वेणी घालताना तिला आरशात आपल्या बुबुळाच्या काठाला फिकट रेघ दिसली होती. पंचविशीला तीही लपूनछपून त्या मोठ्या आरशासमोर बसली होती. मुलींचे डोळे बघत नसत, म्हणून स्वतःचे स्वतःच बघितले होते. काळेभोर, नुसतेच. भाऊ कारखान्याचा धनी झाला, ही त्याच्या खळ्याची राखण करत राहिली आणि पोरं झोपवताना गात राहिली:

*चंद्राला पडलं खळं, अंगणी ग चांदणं*
*माझ्या भाऊरायाच्या डोळ्या रुप्याचं कोंदण*

आणि आता, इतक्या उशिरा, तिच्याही डोळ्यात कोंदण. त्या दिवसापासून ती रोज वेणी घालायला अंमळ जास्त वेळ घ्यायची. शेवटी मी याच घरची, असं मनाशी म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी छोटा दिवा तिच्या डोळ्यांवर धरला. "आहे की. पण आजी, हे वयाचं. सत्तरीनंतर पुष्कळांना येतं. केस पिकतात तसं. घाबरायचं कारण नाही. तपासून घेऊ, पण तुमचं बहुतेक काही निघायचं नाही."

"म्हणजे हे ते नाही?"

"नाही."

आत्याला रडूही येईना. आयुष्यभर जे नाही म्हणून झुरली ते नव्हतं म्हणूनच ती इथं उभी होती. भाऊ नव्हता, बाप नव्हता, आणि ती होती, दुखऱ्या गुडघ्यांची, पिकल्या केसांची. तिला आठवलं, भावाचं खळं सगळ्यांत आधी तिनंच पाहिलं होतं. आनंदानं टाळी वाजवली होती. भाऊ खुर्चीवर बसलेला, खिडकीतून ऊन आलेलं, आणि ती टाळी. ती टाळी तिच्या कानात अजून वाजत होती.

*

थोरल्याला उशीला टेकून बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी दुपारी सगळे त्याच्या खोलीत होते. बायको पायाशी, धाकटा खिडकीच्या कट्ट्यावर, आत्या दाराजवळच्या स्टुलावर, आत यायची हिंमत नसल्यासारखी.

"खडा निघाला का?" बायकोनं विचारलं.

थोरला ओशाळून हसला. "कळलं का तुला?"

"उशिरा कळलं. आणि ती बंद चप्पल मात्र फुकटची आणली मी." ती हसायला गेली आणि हसता हसता त्याच्या पायावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, मनगटाला लावलेली नळी सांभाळत.

"जन्मभर गोळ्या घ्यायच्या म्हणतात," तो भावाला म्हणाला. "कोलेस्टेरॉल उतरवायची, रक्त पातळ ठेवायची. त्यानं नाही भागलं तर सुया. म्हणजे मी आता आजारी माणूस."

"आजारी तू आधीच होतास. आता औषध घेणारा झालास," धाकटा म्हणाला. मग कट्ट्यावरून उतरला. "हे बघ, तू उठेपर्यंत मी कारखान्यात येतो. मोठी काच एकट्यानं उचलायची नसते. दुसरं टोक धरायला साधे डोळे चालतील ना?"

थोरला त्याच्याकडे वळला. "शेवटचा हातही तूच फिरव," म्हणाला.

दारात डॉक्टरीणबाई आल्या, हातात रक्ताचे अहवाल.

"काका, तुमचं रक्त स्वच्छ. आजी, तुमचंही."

धाकट्यानं मान खाली घातली. वीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, घरानं चूक केली असं कुणीतरी मोठ्यानं सांगायची, तो क्षण आला होता आणि त्याला तो कुठं ठेवावा कळत नव्हतं.

"आणि हिचं?" आई.

डॉक्टरीणबाई भिंगरीपाशी गेल्या. आईशी बोलल्या नाहीत, तिच्याशीच बोलल्या. "तुझ्यात आलंय. आकडा वडिलांसारखाच आहे. पण ऐक. त्यांना कळलं वाहिन्या भरल्यावर. तुला कळलंय त्याआधी. आजपासून गोळी सुरू केलीस, नेमानं घेतलीस, तर तुझ्या वाहिन्या पुष्कळ चांगल्या राहू शकतात. लग्नाचं, मुलाबाळांचं काही ठरलं की आधी मला सांगायचं, तेव्हा गोळी थांबवावी लागते. बाकी काच काप, जिने चढ, सगळं कर."

त्या गेल्या. आईचा हात हवेत तसाच राहिला होता, लेकीच्या खांद्यावर ठेवायला निघालेला आणि मध्येच विसरलेला. थोरल्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्या पापण्यांखाली ते कडं होतं, सगळ्यांनी ज्याचं कौतुक केलं ते, आणि त्याला वाटलं, हे डोळे परत उघडूच नयेत.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "म्हणजे तुमचा वारसा आला की मला. खळं न दाखवताच." ती हसली, पण आईकडे न बघता. "आत्याआजी, आता कारखाना माझा ना?"

आत्या स्टुलावरून उठली. खोलीच्या मधोमध आली. भिंगरीच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, क्षणभर आड यावं की काय अशी, आणि मग बाजूला सरकली.

डॉक्टरीणबाईंबरोबर आलेल्या परिचारिकेनं खाटेशेजारी गोळ्यांची पाकिटं ठेवली होती, एक थोरल्याचं, एक भिंगरीचं. आत्यानं भिंगरीचं पाकीट उचललं. गोळी फोडून काढली, पेल्यात पाणी ओतलं.

"ऐक गं," ती म्हणाली. "आजवर या घरात जो तो उभ्यानं गेला आणि मी त्याची गाणी केली. तुला माझा आशीर्वाद आहे, तू अंथरुणावर मरशील. खूप म्हातारी होऊन. दात पडलेले, कानानं बहिरी, रात्रंदिवस खोकणारी. सगळ्या घराला तुझा कंटाळा येईल, पोरं म्हणतील, ही थेरडी जाते तरी कधी! एवढी जग. एवढी नकोशी होईपर्यंत जग."

"आत्या, असं काय बोलतेस," थोरला खाटेवरून म्हणाला.

"तूसुद्धा. तुलाही हाच आशीर्वाद."

भिंगरीनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. आत्यानं दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला, अगदी तसाच, जसा या घरात प्रत्येकाचा वळवला होता. सगळे बघत राहिले.

आत्यानं डोळ्यांत पाहिलं नाही.

"आ कर," ती म्हणाली. "जीभ उचल. गिळलीस का बघू दे."